पुसदची पहिली निवडणूक : नाईकपणाकडून प्रतिनिधित्वाकडे



कै. वसंतराव नाईक यांच्याविषयी आपल्या स्मरणिकेत काही ना काही छापले गेले नाही, असे वर्ष सहसा जात नाही. त्यांच्या मुख्यमंत्रिपदाची अकरा वर्षे, संकरित बियाण्यांचा प्रसार, चार कृषी विद्यापीठे, १९७२ चा दुष्काळ व रोजगार हमीची कामे या गोष्टी आपल्या मुलांनाही मुखोद्गत झालेल्या आहेत. परंतु ज्या एका घटनेमुळे हे सर्व पुढे घडू शकले, ती १९५२ ची निवडणूक मात्र आमच्या लेखनात एका वाक्यात आटोपली जाते. "१९५२ साली ते पुसद येथून विधानसभेवर निवडून आले," एवढे लिहून लेखक मंत्रालयाकडे वळतो.

आमच्या मते हे वाक्य इतके लहान नाही. त्याच्या पोटात आपल्या समाजाच्या जीवनातील एक फार मोठे स्थित्यंतर दडलेले आहे. ज्या समाजात अधिकार वारशाने येत होता, त्या समाजातील एक गृहस्थ प्रथमच लोकांच्या दारी जाऊन अधिकार मागू लागला. आणि ज्यांच्यापाशी त्याने तो मागितला, त्यांनाही आपण देणारे आहोत याची जाणीव त्याच दिवशी झाली. हे स्थित्यंतर समजून घेणे, हाच प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

प्रांत आणि तालुका

प्रथम स्थलकालाचा थोडा विचार करू. आज आपण महाराष्ट्राचे नागरिक आहोत; परंतु १९५२ मध्ये पुसद हा तालुका मध्य प्रदेश राज्यात मोडत होता. वऱ्हाडचा प्रदेश १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला, १९०२ च्या कराराने तो कायमच्या पट्ट्याने त्यांच्याकडे राहिला, आणि १९०३ पासून मध्य प्रांताशी जोडला गेला. पुढे या जोडप्रांतालाच २६ जानेवारी १९५० पासून मध्य प्रदेश हे नाव मिळाले. त्याची राजधानी नागपूर होती.

पुसद तालुका मूळचा यवतमाळचा नव्हे. तो पूर्वी बाशीम म्हणजे आजच्या वाशीम जिल्ह्यात होता. १९०५ मध्ये तो जिल्हा मोडला, तेव्हा पुसद यवतमाळ जिल्ह्यास जोडण्यात आले. तालुक्याच्या दक्षिणेस पैनगंगा वाहते, आणि तिच्या पलीकडे १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचे राज्य होते. डोंगर, जंगल, चराऊ माळ आणि काळ्या जमिनीचे पट्टे अशा या मुलखात आपले तांडे वसलेले आहेत.

राजकीय जागृतीच्या दृष्टीने पुसद मागासलेले नव्हते. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी जंगल सत्याग्रहास आरंभ केला, तो पुसदच्याच परिसरात, राखीव जंगलातील गवत कापून. मीठ समुद्राकाठच्या लोकांचा प्रश्न होता; वऱ्हाडातील माणसाचा प्रश्न गवताचा आणि सरपणाचा होता. ज्यांचे गोधन हेच धन, त्या तांड्यांना हा सत्याग्रह कशासाठी आहे हे समजावून सांगण्याची गरज नव्हती. वसंतराव त्या वेळी सतरा वर्षांचे विद्यार्थी होते.

तथापि सत्याग्रहात भाग घेता येणे ही एक गोष्ट आणि मत देता येणे ही दुसरी. १९३५ च्या कायद्याने १९३७ मध्ये प्रांतिक विधानसभेच्या निवडणुका झाल्या, परंतु मताचा अधिकार शेतसारा, कर अथवा शिक्षण यांवर अवलंबून होता. ब्रिटिश हिंदुस्थानातील लोकसंख्येच्या सुमारे सातव्या हिश्शालाच तो लाभला होता. ज्याच्या नावे जमीन नाही, ज्याने शाळा पाहिली नाही, त्याचे नाव मतदारांच्या यादीत येणार कोठून? आपल्या बहुसंख्य तांड्यांच्या दृष्टीने राज्यकारभार म्हणजे पटवारी, जंगलाचा शिपाई आणि पोलीस. विधानसभा ही चीज त्यांच्यापासून नागपूरइतकीच दूर होती.

तांड्याचा कायदा

आता तांड्याची अंतर्गत व्यवस्था कशी होती ते पाहू. लदेणीच्या काळात शेकडो बैलांच्या पाठीवर मीठ व धान्य लादून आपले पूर्वज मुलखामुलखांतून हिंडत. अशा प्रवासात शिस्त नसेल तर निभाव लागणे अशक्य. म्हणून तांड्याचा नाईक हाच वाट ठरविणारा, मुक्काम ठरविणारा, बाहेरच्या सरकारशी बोलणारा आणि आतले तंटे मिटविणारा असे. त्याच्या जोडीला कारभारी असे, आणि नसाबाची बैठक बसे. नसाबाचा निवाडा सर्वांस बंधनकारक होता. तो मोडणारास दंड होई, प्रसंगी त्यास जातीबाहेरही ठेवले जाई.

या व्यवस्थेची निंदा करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. रेल्वे आणि पक्क्या सडका झाल्यावर लदेणी बुडाली. पोटाचा धंदा गेला. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा करून फिरत्या लोकांकडे पाहण्याची दृष्टीच कलुषित केली. अशा पडत्या काळात तांडा विस्कळीत झाला नाही, तो नाईक आणि नसाब यांच्यामुळेच. परंतु त्या व्यवस्थेचा एक स्वभाव होता, आणि तो स्पष्ट सांगितला पाहिजे. तीत तांड्याचा आवाज एकच असे. नाईक बोलला म्हणजे तांडा बोलला. घरातील धाकटा भाऊ, सून, विधवा, गडी यांचे स्वतंत्र मत काय आहे, हे विचारण्याची पद्धत नव्हती.

वसंतरावांचा जन्म अशाच एका नाईकाच्या घराण्यात १ जुलै १९१३ रोजी पुसद तालुक्यातील गहुली येथे झाला. त्यांचे आजोबा चतुरसिंग हे तांड्याचे नाईक. घराण्याचे मूळ आडनाव राठोड. परंतु नाईकपणाची उपाधीच पुढे आडनाव होऊन बसली. वडील फुलसिंग नाईक यांचाही तांड्यात तसाच मान होता. म्हणजे सामाजिक प्रतिष्ठा त्यांना जन्मतःच प्राप्त झाली होती. ते निवडणुकीस उभे राहिले नसते, तरी गहुलीत त्यांच्या शब्दाला मान मिळालाच असता. प्रश्न एवढाच होता की गहुलीच्या शिवेबाहेर, जेथे नाईकाचा हुकूम चालत नाही तेथे, त्यांच्या शब्दाला कोण विचारणार?

उमेदवारीपूर्वीची दहा वर्षे

आजकाल अशी समजूत झालेली दिसते की, उमेदवारी म्हणजे पक्षाचे तिकीट आणि प्रचार म्हणजे अर्ज भरल्यापासून मतदानापर्यंतचे पंधरा-वीस दिवस. वसंतरावांचे उदाहरण या समजुतीच्या नेमके विरुद्ध आहे. त्यांचा प्रचार १९५१ च्या अखेरीस सुरू झाला नाही. तो १९४१ च्या सुमारास सुरू झाला, आणि त्या वेळी तो प्रचार आहे हे त्यांनाही बहुधा ठाऊक नसावे.

गावोगावच्या शाळांतून प्राथमिक शिक्षण घेऊन ते पुढे अमरावतीस व नागपुरास शिकले. नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून पदवी घेऊन १९४० मध्ये त्यांनी वकिलीची परीक्षा दिली. तांड्यातील मुलाने पदवीधर होणे हीच त्या काळी नवलाची गोष्ट. आरंभी अमरावतीस डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या हाताखाली काही काळ काम करून ते पुसदला आले व तेथे वकिली करू लागले. डॉ. पंजाबरावांचे सान्निध्य हा योगायोग क्षुल्लक नव्हे. शेतकऱ्याचा प्रश्न हा एका जातीचा प्रश्न नसून साऱ्या वऱ्हाडाचा प्रश्न आहे, हा विचार त्या काळी पंजाबरावांइतका आग्रहाने मांडणारा दुसरा पुढारी आमच्या भागात नव्हता.

तालुक्याच्या कोर्टातील वकील सर्व जातींच्या लोकांना भेटतो. जमिनीची वाटणी, सावकाराचे खत, बांधाचा तंटा, जंगलखात्याचा खटला, असे जे जे खेडुताला छळते ते ते वकिलाच्या ओसरीवर येते. कुणबी, आंध, हटकर, मुसलमान, दलित आणि बंजारा हे सारे तेथे एकाच सतरंजीवर बसतात, आणि वकील आपला आहे की परका, याचा निर्णय तेथेच करून टाकतात. गरजू माणसाची बाजू घेणारा वकील अशी वसंतरावांची ख्याती याच काळात झाली.

कोर्टाबाहेरही त्यांनी कामे अंगावर घेतली. पुसदचे हरिजन वसतिगृह आणि दिग्रसचे राष्ट्रीय वसतिगृह यांच्या अध्यक्षपदाची जबाबदारी त्यांनी वाहिली. शेतकऱ्यांच्या मंडळात ते होते. १९४६ मध्ये ते पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. हे शेवटचे पद विशेष विचारात घेण्यासारखे आहे. पुसद शहर म्हणजे तांडा नव्हे. तेथील व्यापारी, वकील, कारागीर व नोकरदार वर्गात आपल्या समाजाची संख्या ती काय असणार? अशा शहराने तांड्यातून आलेल्या तेहतीस वर्षांच्या तरुणाला अध्यक्षाच्या खुर्चीवर बसविले, ते त्याच्या घराण्याकडे पाहून नव्हे. शहरास पाणी, दिवे, रस्ते आणि शाळा हव्या होत्या, आणि त्या आणण्यास हा माणूस योग्य आहे असे त्यास वाटले.

या दहा वर्षांतील आणखी एक घटना सांगितल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. १९४१ मध्ये वसंतरावांनी नागपूरच्या ब्राह्मण कुटुंबातील वत्सलाबाई घाटे यांच्याशी विवाह केला. दोन्हीकडून विरोध झाला. जातीबाहेरचा विवाह हा नसाबापुढील सर्वांत गंभीर गुन्ह्यांपैकी एक. आणि येथे तर तो नाईकाच्याच घरात घडलेला. ज्याला जातीच्या मतांवरच निवडून यावयाचे असते, त्याने असे पाऊल कधीही उचलले नसते. परंतु अवघ्या अकरा वर्षांत त्याच समाजाने त्यांना आपला प्रतिनिधी म्हणून स्वीकारले. माणसाचे काम आणि त्याचे सरळ वर्तन लोकांच्या डोळ्यांसमोर सतत राहिले, तर लोक आपला जुना राग गिळू शकतात, हा त्यातला धडा आहे. आणि समाजाच्या मनाचा हा मोठेपणा आपण आपल्या इतिहासात नोंदवून ठेवला पाहिजे.

पेटीपुढचा माणूस

आता प्रत्यक्ष निवडणुकीकडे येऊ. स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक २५ ऑक्टोबर १९५१ ते २१ फेब्रुवारी १९५२ या काळात झाली. लोकसभा आणि राज्यांच्या विधानसभा यांच्या निवडणुका एकाच वेळी झाल्या. एकवीस वर्षांवरील प्रत्येक स्त्री-पुरुषाला मत. जमिनीची अट नाही, शिक्षणाची अट नाही, कराची अट नाही. देशात सुमारे १७ कोटी ३२ लक्ष मतदार नोंदले गेले, आणि त्यांतील फार मोठ्या संख्येस अक्षरओळख नव्हती. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढे प्रश्न होता की, ज्याला वाचता येत नाही त्याने आपला उमेदवार ओळखावा कसा?

यावर जी तोड काढण्यात आली ती आजच्या तरुणांस ठाऊक नसेल. त्या वेळी मतपत्रिकेवर शिक्का मारावयाचा नव्हता. प्रत्येक उमेदवाराची लोखंडी पेटी निराळी, आणि पेटीवर त्याच्या पक्षाचे चित्र चिकटविलेले. एका रुपयाच्या नोटेएवढी मतपत्रिका हाती घेऊन मतदाराने पडद्याआड जावयाचे आणि आपल्या पसंतीच्या चित्राच्या पेटीत ती टाकावयाची. कोणी दुसऱ्यांदा येऊ नये म्हणून बोटास न पुसली जाणारी शाई लावीत. शिक्का मारण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली ती पुढे, १९६२ च्या निवडणुकीच्या सुमारास.

यावरून त्या काळच्या प्रचाराचे स्वरूप ध्यानी येईल. प्रचारकाचे पहिले काम मत मागणे हे नव्हतेच. मत म्हणजे काय आणि ते टाकावयाचे कसे, हे शिकविणे हे पहिले काम होते. निवडणूक आयोगाने १९५१ च्या सप्टेंबरात देशभर सरावाची निवडणूकही घेतली होती. काँग्रेसचे चिन्ह जुवाला जुंपलेली बैलजोडी, समाजवादी पक्षाचे झाड, किसान मजदूर प्रजा पक्षाची झोपडी, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा हत्ती, जनसंघाचा दिवा. वसंतराव काँग्रेसचे उमेदवार होते. ज्या तांड्याचे आयुष्य बैलांच्या पाठीवर गेले, त्यास बैलजोडी ओळखण्यास अडचण पडण्याचे कारण नव्हते. पण ही सोय केवळ बंजाऱ्यांचीच नव्हती. वऱ्हाडातील प्रत्येक कास्तकाराच्या गोठ्यात ती जोडी उभी होती. आणि नसेल त्याच्या मनात ती यावी अशी इच्छा होती.

निवडणुकीचा हंगाम आणि कापूसवेचणीचा हंगाम एकच पडला होता. बायका पहाटेपासून वावरात, पुरुष ज्वारीच्या खळ्यावर नाहीतर कापसाच्या बंडीसोबत जिनिंगच्या वाटेवर. अशा दिवसांत मतदार भेटावयाचा तो एकतर बाजाराच्या दिवशी, नाहीतर दिवेलागणीनंतर. दुर्गम वाड्या-तांड्यांवर जावयाचे तर बैलबंडीची किंवा पायवाट. ज्या उमेदवाराला त्या वाटा आधीपासून पायाखालच्या होत्या, ज्याचे अशील त्या वाड्यांतून राहत होते, त्याचे निम्मे काम आधीच झालेले होते. आमच्या विधानाचा आधार तोच : पंधरा दिवसांत जे होत नाही, ते दहा वर्षांत झालेले होते.

संख्येचाही विचार करावा. पुसदच्या परिसरात तांडे पुष्कळ आहेत हे खरे. परंतु केवळ तांड्यांच्या मतांवर तेथून निवडून येता येईल, असे गणित तेव्हाही नव्हते आणि आजही नाही. आंध बांधव आहेत, कुणबी-मराठे आहेत, हटकर आहेत, मुसलमान आहेत, दलित समाज मोठा आहे, शहरातील व्यापारी वर्ग आहे. म्हणून "बंजारा समाजाने वसंतराव नाईक यांना निवडून दिले," हे आपल्या सभांतून ऐकू येणारे वाक्य अपुरे आहे, असे आम्ही नम्रपणे म्हणतो. त्यांना पुसदने निवडून दिले. समाज त्यात होता, आणि अभिमानाने होता. परंतु ज्या दुसऱ्या हजारो हातांनी आपल्या जातीबाहेरच्या एका तरुणाच्या पेटीत मतपत्रिका टाकली, त्यांचे ऋण आपण विसरलो, तर इतिहासाशी आणि शेजाऱ्यांशीही अप्रामाणिक ठरू.

आणि तांड्याच्या आत काय घडले? आमच्या मते त्या दिवसाची खरी क्रांती तेथे आहे. नाईकाचे मत एक आणि त्याच्या गड्याचेही मत एक. सासूचे एक आणि सुनेचेही एक. पडद्याच्या आत प्रत्येकाने एकट्याने जावयाचे. तेथे नाईक नाही, कारभारी नाही, नसाब नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या वतीने दुसरा बोलत आला, त्यांना कायद्याने प्रथमच एकटे उभे करून विचारले की, बाबा रे, बाई गं, तुझे म्हणणे काय?

स्त्रियांच्या बाबतीत तर हे विशेष खरे आहे. त्या वेळच्या मतदारयाद्यांत देशभरातील सुमारे २८ लक्ष स्त्रियांची नावे गाळावी लागली, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढेच सांगितले होते. यातील बहुतेक स्त्रिया उत्तरेकडील राज्यांतल्या होत्या. मतदानापूर्वी बाईला नाव असले पाहिजे, ही गोष्ट या देशाला एका सरकारी यादीने शिकविली. स्वित्झर्लंडसारख्या पुढारलेल्या देशात स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकीत मताधिकार मिळाला तो १९७१ मध्ये. आपल्या फेटिया-कांचळीतील याडीला तो त्याआधी एकोणीस वर्षे मिळालेला होता. याचा अभिमान आपण कधी बाळगला काय?

शिक्षकाच्या नोकरीत आम्हांस अनेकदा मतदान केंद्रावर काम करावे लागले. पडद्याशी पोचलेली एखादी वृद्ध बाई मागे वळून घरच्या माणसाकडे पाहते, तो दाराबाहेर असतो, मग ती आमच्याकडे पाहते. आणि नियमाप्रमाणे आम्हांस काहीच बोलता येत नाही. ती क्षणभर थांबते आणि मग आत जाते. तो थांबण्याचा क्षण आम्ही पुष्कळ वेळा पाहिला. १९५२ मध्ये सबंध तांडाच तसा क्षणभर थांबून आत गेला असला पाहिजे.

निकाल आणि त्यानंतर

निकाल सर्वश्रुत आहे. मध्य प्रदेश विधानसभेच्या २३२ जागांपैकी १९४ काँग्रेसला मिळाल्या, आणि पुसदहून वसंतराव नाईक निवडून आले. त्यांचे वय अडतीस होते. पं. रविशंकर शुक्ल यांच्या मंत्रिमंडळात ते महसूल खात्याचे उपमंत्री झाले. याच वर्षाच्या ३१ ऑगस्ट रोजी गुन्हेगार जमातींचा कायदा देशातून रद्द झाला. एकाच वर्षात एकीकडे तांड्याचा मुलगा मंत्रिमंडळात बसला आणि दुसरीकडे फिरत्या समाजांच्या कपाळावरील डाग कायद्याने पुसला गेला. या दोन गोष्टींचा परस्परांशी कार्यकारणसंबंध आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु १९५२ हे साल आपल्या समाजाने सोन्याच्या अक्षरांनी का लिहावे, याचा उलगडा त्यातून होतो. पुढील वर्षीच, १९५३ मध्ये, दिग्रस येथे भरलेल्या परिषदेतून अखिल भारतीय बंजारा सेवा संघ उभा राहिला. पोटजातींत आणि प्रांतांत विखुरलेल्या समाजास संघटना सुचली ती मताधिकार मिळाल्यावर, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे.

निवडणुकीतील अनुभव वसंतरावांनी वाया घालविला नाही. १९५६ मध्ये वऱ्हाड द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले आणि ते सहकारमंत्री, नंतर कृषिमंत्री झाले. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीमुळे पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडाली. पुसदने मात्र त्यांना पुन्हा निवडून दिले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर महसूलमंत्री असताना १९६० मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखाली लोकशाही विकेंद्रीकरणाची समिती नेमली गेली. तिच्या अहवालावरून १९६१ चा कायदा होऊन १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. सामान्य खेडुताला मताच्या पेटीपर्यंत येताना ज्याने पाहिले होते, त्यानेच ती पेटी गावाजवळ आणून ठेवली, असे या समितीच्या कार्याचे वर्णन करता येईल.

५ डिसेंबर १९६३ रोजी ते मुख्यमंत्री झाले, आणि २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत, म्हणजे अकरा वर्षांहून अधिक काळ, त्या पदावर राहिले. इतका दीर्घ आणि अखंड कालावधी महाराष्ट्रात दुसऱ्या कोणासही लाभलेला नाही. परंतु या काळातही त्यांना १९६७ आणि १९७२ मध्ये पुसदच्या मतदारापुढे पुन्हा हात जोडून उभे राहावेच लागले. १९५२ पासून सलग पाच वेळा त्यांनी ते केले. १९७७ मध्ये ते वाशीममधून लोकसभेवर गेले. १८ ऑगस्ट १९७९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे पुतणे सुधाकरराव यांनीही गहुलीच्या सरपंचपदापासून आरंभ केला. पंचायत समिती व जिल्हा परिषद या पायऱ्या चढून १९७८ मध्ये ते विधानसभेत गेले, आणि १९९१ मध्ये मुख्यमंत्री झाले. पायऱ्या गाळून वर चढण्याची रीत त्या पिढीस ठाऊक नव्हती.

आजच्या पिढीपुढील प्रश्न

हा इतिहास सांगण्याचे प्रयोजन काय? प्रयोजन असे की, आपण पुन्हा उलट दिशेने निघालो आहोत अशी आम्हांस भीती वाटते.

निवडणूक जाहीर झाली की आपल्यातील कोणीतरी चार मंडळी एकत्र बसतात आणि "अमुक उमेदवारास समाजाचा एकमुखी पाठिंबा" असे पत्रक निघते. समाजास कोणी विचारले? कोणत्या तांड्यात बैठक झाली? किती भगिनींचे मत घेतले? पत्रकाखाली सह्या असतात त्या पाच-सहा, आणि आकडा लिहिलेला असतो तो हजारांचा. हे नसाबाचेच नवे रूप नव्हे काय? फरक इतकाच की, जुना नसाब तांड्याच्या मध्यावर सर्वांसमक्ष बसत असे, आणि निवाड्याची जबाबदारीही घेत असे. आताची बैठक कोठे बसते हेही कळत नाही.

आणि उमेदवारांकडून आपण मागतो तरी काय? सभागृह, कमान, पुतळा. या गोष्टी वाईट नव्हेत. पण अनेक तांड्यांना महसुली गावाचा दर्जा मिळण्यास किती काळ लागला, तांड्यावरील शाळेत शिक्षक का टिकत नाही, कापूसवेचणी आणि ऊसतोडणीस कुटुंबेच्या कुटुंबे गेल्यावर मुलांच्या वर्षाचे काय होते, हे प्रश्न जाहीर सभेत उठून विचारणारा मतदार आपल्यात किती ठिकाणी दिसतो? जो मत एकगठ्ठा देऊन टाकतो, त्याला प्रश्न विचारण्याचा अधिकार उरत नाही. कारण त्याचे मत आधीच दुसऱ्याच्या खिशात गेलेले असते.

आमची संघाच्या कार्यकारी मंडळास नम्र सूचना आहे. संघाने यापुढे कोणत्याही उमेदवारास समाजाच्या नावाने पाठिंबा जाहीर करू नये, मग तो उमेदवार आपल्या समाजाचा असो वा नसो. त्याऐवजी निवडणुकीपूर्वी तालुक्यातील सर्व उमेदवारांस एका व्यासपीठावर बोलवावे, तांड्यांचे प्रश्न लेखी स्वरूपात त्यांच्यापुढे ठेवावेत, आणि त्यांची उत्तरे पुढील स्मरणिकेत जशीच्या तशी छापावीत. पाच वर्षांनी तीच पाने पुन्हा उघडून हिशेब घ्यावा. यासाठी पैसा लागत नाही. थोडे धैर्य लागते.

आमच्या तरुणांपैकी ज्यांना उमेदवार व्हावयाचे आहे, त्यांनाही दोन शब्द. मोठ्या घराण्यात जन्म झाला तर तो दोष नाही, आणि लहान घरात झाला तर ती उणीव नाही. वसंतराव नाईकाच्या घरात जन्मले. परंतु पुसदचे प्रतिनिधी ते जन्माने झाले नाहीत. वकिलाच्या ओसरीवर, वसतिगृहाच्या हिशेबवहीत आणि नगरपालिकेच्या नळांवर त्यांनी ते प्रतिनिधित्व कमावले. नाईकपण एकदा मिळाले की मरेपर्यंत पुरत असे. प्रतिनिधित्व मात्र मागून घ्यावे लागते, आणि मुदत संपली की ते परत करून पुन्हा मागावे लागते. आपल्या आडनावांत 'नाईक' हा शब्द पुष्कळ ठिकाणी आहे. तो पुन्हा पुन्हा मागण्याची लाज ज्यास वाटत नाही, तोच त्या शब्दाचा आजचा खरा वारस होय.

येत्या १ जुलैस, कृषिदिनी, आपण त्यांच्या प्रतिमेस पुष्पहार घालू, तेव्हा त्या पहिल्या निवडणुकीत पडद्याआड एकट्याने गेलेल्या आपल्या आजी-आजोबांचेही स्मरण करावे, एवढीच वाचकांस विनंती.

जय सेवालाल.